अंघोळ करून दाखवा

आमची बाथरूम बघायला मिस्त्री पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खिशातून टेप काढली नाही, भिंतीवर बोटं वाजवली नाहीत, नळसुद्धा सोडून पाहिला नाही. प्लास्टिकचं स्टूल मागून घेतलं, बाथरूमच्या दारात ठेवलं, त्यावर बसले आणि मला म्हणाले, "हां साहेब. करा अंघोळ."

"आत्ता?"

"कपडे ऱ्हाऊ देत अंगावर. पाणीपण नको. नुसती करून दाखवा."

मी ऑफिसातून नुकताच आलो होतो. इस्त्रीच्या पँटीत, सॉक्स घालून, टबाची कड ओलांडून मी आत उभा राहिलो आणि नसलेल्या बादलीतून नसलेलं पाणी अंगावर घेतलं. साबण लावला. पाठीला माझा हात पोचत नाही हे आजवर मलाच माहीत होतं, ते आता मिस्त्रींनाही कळलं. मध्येमध्ये त्यांचे प्रश्न चालू होते. डोकं आधी की नंतर, डोळ्यांत फेस गेला की कुठला हात पुढे येतो, आणि शेवटी, "टॉवेल?"

"तो बाहेर राहतो. मी हाक मारतो, मग मिळतो."

"देतं कोण?"

"ही देते."

"रोज?"

"रोज नाही, अधूनमधून."

"रोज," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मग सगळ्यात पयली खुंटी," मिस्त्री म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून दाराजवळ फुली मारली. इतक्या वर्षांच्या टॉवेलांबद्दल मी त्या संध्याकाळी बायकोची मनापासून माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. खुंटी कधी बसतेय ते विचारा."

अपराधी वाटायला मला फारसं कारण लागत नाही. लिफ्टमध्ये कोणाचा पाय माझ्या पायावर पडला तरी सॉरी मीच म्हणतो. पण या बाथरूमच्या मागे खरं कारण होतं. ते चिपळूणला एकटं राहत होतं. माझे वडील.

बाबा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर खिडकीमागे बसून गाड्या सोडल्या. त्यामुळे घरातही ते बोलत नसत, घोषणा करत. आई गेल्यावर एकदा अंगणात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मग अंघोळीला धरायला एक माणूस ठेवावा लागला. त्या माणसाविषयी बाबा फोनवर एक अक्षर बोलत नसत. फक्त त्याचं नाव निघालं की फोन ठेवत. मी कुवेतला चला म्हणून मागे लागलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "येतो. पण तिथे अंघोळीला मला कोणी धरणार नाही. दार लावून, एकट्याने. ते जमत असेल तर तिकीट काढ."

आमच्या सालमियातल्या जुन्या फ्लॅटमधली बाथरूम म्हणजे गुडघ्याच्या वर कड असलेला टब आणि त्याच्या शेजारी इतका बुटका कमोड, की उठताना मलाही देव आठवायचा. एकच बाथरूम. मालकाने हारिसकडून, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराकडून, निरोप पाठवला की हवं ते तोडा, हवं ते बसवा, पैसे तुमचे. आणि आमचे पैसे तर ऑपरेशनमध्ये आणि मुलीच्या शाळेत जाऊन बसलेले. एका कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला चहा पाजला आणि त्याचा वेळ घेतल्याबद्दल सॉरी म्हणालो. तेव्हा कोणीतरी या मिस्त्रींचं नाव सुचवलं. "काम स्वस्तात करतील," ते गृहस्थ म्हणाले, "पण सहन करावं लागेल."

मिस्त्री गुहागरकडचे. साठीच्या आसपासचे, काटकुळे, खालच्या ओठाखाली कायम टाइलच्या भुकटीचा पांढरा पट्टा. कुवेतमध्ये त्यांची निम्म्याहून जास्त हयात गेली होती आणि त्यांच्या मते इथल्या निम्म्या बाथरूमा चुकलेल्या होत्या. एखाद्या मोठ्या इमारतीवरून आमची गाडी गेली की ते मान वळवून म्हणत, "ह्याच्यात चौथ्या माळ्यावर पाणी दाराकडं वळतं." दस्मानच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून एक देखणी इमारत आहे, सगळे तिचे फोटो काढतात. मिस्त्रींनी तिच्याकडे बघून नुसता उसासा सोडला. आत काय बिघडलंय ते त्यांनी सांगितलं नाही. काही गोष्टी माणसाने सांगू नयेत असा त्यांचा चेहरा होता.

त्यांची मतं पक्की होती आणि फुकट मिळत. बाथरूममध्ये मोठा आरसा नको, माणूस त्यात अडकतो. शॉवर नको, ती उभ्याने भिजायची शिक्षा. पांढऱ्या टाइली नकोत, दवाखान्यात असल्यासारखं होतं आणि माणसाला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं. साबणाची कोनाडी त्यांनी स्वतःच्या मनाने इतकी वर बसवली, की माझ्या मुलीचा हात पोचेना. मी भीत भीत ते त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "वाढंल."

"आय अ‍ॅम फिफ्टीन," ती म्हणाली.

"काय म्हणते?"

"वाढेन म्हणते," मी म्हणालो. ती अजून वाढलेली नाही. साबण खाली बादलीच्या झाकणावर असतो.

पण सामान जमवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अर्दियाच्या गोदामांमध्ये ते मला घेऊन फिरले. उरलेल्या टाइलींचे फुटकळ खोके असतात, एका मोठ्या घराला पुरणार नाहीत आणि टाकूनही देववत नाहीत असे, त्यांतून त्यांनी आमच्या भिंती निवडल्या. दुकानदाराशी भाव करताना ते आवाज चढवत नसत. टाइल हातात घेऊन तिच्याकडे इतक्या दुःखाने बघत राहत की दुकानदार आपण होऊन भाव उतरवी. उंच कमोड त्यांना एका पाडायला काढलेल्या व्हिलात सापडला. फिकट गुलाबी होता. "शेजारणींना काय सांगू?" बायको म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "काय सांगायचं नाय वहिनी. बसून बघा म्हणावं."

तो कमोड आणतानाची गोष्ट. माझी गाडी लहान, डिकीत तो बसेना. मिस्त्रींनी तो मागच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसून त्याच्यावर हात टाकला. सिग्नलला पोलिसाने थांबवलं. गुन्हा केलेला नसतानाही मला घाम फुटतो. बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, काढून देताना मी दोनदा सॉरी म्हणालो, त्यामुळे पोलिसाला साहजिकच संशय आला आणि त्याने मागे वाकून बघितलं. हे काय, असं त्याने अरबीत विचारलं.

मिस्त्रींना अरबी जेवढी कामापुरती लागते तेवढी येत असे. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग वर आकाशाकडे, म्हणजे विमान, मग कमोडवर थाप मारली आणि म्हणाले, "हक बाबा." वडिलांसाठी. आणि वडील किती म्हातारे आहेत ते दाखवायला बसल्याबसल्या कण्हत उठण्याची नक्कल केली. पोलीस हसला नाही. त्याने बताका परत दिला, छातीवर हात ठेवला आणि "अल्ला यखल्लीह" म्हणाला, म्हणजे देव त्यांना सांभाळो. मिस्त्रींनी कमोडचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "त्याच्याबी घरात कोणीतरी असंल."

पैशांचं बोलणं अगदी सुरुवातीला झालं होतं. त्यांनी सांगितलेली मजुरी इतकी कमी होती की मला लाज वाटली. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि काम झाल्यावर एक शुक्रवार माझा."

"जेवायला या ना," बायको म्हणाली. "नक्की या."

"जेवायला नाय वहिनी. अंघोळीला."

ते कसं ते त्यांनी सरळ सांगितलं. फरवानियात त्यांच्या खोलीत पुष्कळ माणसं आणि बाथरूम एक. सकाळी बाहेर रांग. आत गेलेला जरा जास्त वेळ थांबला की दार वाजतं, गाणं म्हटलं तर शिव्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाथरूमा बांधतो," ते म्हणाले. तक्रार नव्हती, माहिती होती. "म्हणून प्रत्येक कामात एक अंघोळ आपली. सावकाश. कोणी दार वाजवायचं नाय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मला तिचं म्हणणं कळत होतं, परका माणूस, आपली बाथरूम. पण एवढी कमी मजुरी ऐकून झाल्यावर नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. असल्या बाबतीत ते माझ्यात कधीच नसतं.

टब निघाला, जमीन उतारावर आली, अंघोळीला कोपरा झाला आणि बसायला एक पक्का ओटा. राहिली ती धरायची दांडी. बसलेल्या माणसाला जिच्यावर भार देऊन उठता येईल अशी. मिस्त्री दारातल्या स्टुलावर बसले.

"आता बाबांची करून दाखवा."

"काय?"

"बाबांची अंघोळ. बसतात कसे, उठतात कसे. कुठला हात टेकतात."

मी ओट्यावर बसलो. बाबांना शेवटचं अंघोळ करताना कधी पाहिलं असेल? लहानपणी, मागच्या दारी, धोंड्यावर. ते आठवून मी दोनचार तांबे अंगावर घेतले आणि उजवा हात भिंतीला टेकून उठलो. मिस्त्रींनी माझ्या तळव्याखाली पेन्सिलीची फुली मारली, पण त्यांचं समाधान दिसत नव्हतं.

"फोन लावा बाबांना. विचारून घेऊ. फोनवर दिसतं ना आता माणूस."

इथे मी ते केलं, जे माझ्या माहितीतल्या कुठल्याही मुलाने केलं असतं. म्हणालो, "नको. मला माहीत आहे." बाबांशी मी गाडीभाडं, पाऊस, औषधांच्या वेळा यांवर बोलू शकतो. तुम्ही ओल्या अंगाने कसे उठता हे मी त्यांना विचारायचं आणि त्यांनी मला सांगायचं, हे आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. मीना अब्दुल्लाला एका कंत्राटदार कंपनीत मी सेफ्टीचं काम करतो. जिना उतरताना कठडा धरा, हे मोठमोठ्या माणसांना सांगण्याचा मला पगार मिळतो. एक दांडी मला कळणार नाही का?

दांडी बसली. उजव्या हाताला, भक्कम, चकचकीत. मी तिला लोंबकळून पाहिलं. हललीही नाही.

बाबा नोव्हेंबरात आले. गच्चीवरच्या टाकीतलं उन्हाने तापणारं पाणी तोपर्यंत निवलेलं होतं, हवा चांगली होती. घर बघितलं, बाथरूम बघितली, गुलाबी कमोडपाशी जरा थबकले, आणि म्हणाले, "व्यवस्था उत्तम आहे." मी दुसऱ्या दिवशीपासून ते अंघोळीला गेले की बाहेर पॅसेजमध्ये उभा राहायला लागलो. धरत नव्हतो, नुसता उभा. आतून पाण्याचा आवाज येई, मग बराच वेळ काहीच नाही, मग काहीतरी खडखडे, मग बाबा बाहेर येत, दमलेले, आणि माझ्याकडे न बघता खोलीत जात.

दोन आठवडे झाले नाहीत तोच जेवताना त्यांनी घोषणा केली. "माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. इथे सगळं छान आहे. घर बंद राहणं बरं नाही."

मी रात्रभर कारणं मोजली नाहीत, पण दिवसभर मोजली. भाजीत मीठ कमी असतं. मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. मी उशिरा येतो. एकदा टीव्हीचा आवाज मी कमी केला होता. प्रत्येक कारणासाठी मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली आणि प्रत्यक्षात विचारलं फक्त, "कुठली तारीख बघू?"

"लवकरची," बाबा म्हणाले.

त्याच शुक्रवारी मिस्त्री अंघोळीला आले. अंगात धुतलेला शर्ट, हातात पिशवी. पिशवीत त्यांचा स्वतःचा टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली, टाच घासायचा दगड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला साबण. बाबांना नमस्कार केला, "बाबा, गावाकडं पाऊस सरला ना?" एवढं विचारलं, आणि देवळात शिरावं तसे आत गेले. दार लागलं.

अर्धा तास काही नाही, नुसता पाण्याचा सावकाश आवाज. मग गाणं. गाण्याला चाल होती, सूर जात येत होता. मुलगी खोलीतून बाहेर आली. "पप्पा, ही इज स्टिल इन देअर."

"हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

"आय नीड टू गो."

"वरच्या शेजारणीकडे जा," बायको म्हणाली. "आणि जाताना त्यांचा डबाही परत ने."

बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मनुष्य मोकळा होतोय," ते म्हणाले.

एकाएकी गाणं थांबलं. काहीतरी खडखडलं, पुन्हा खडखडलं. मग दार धाडकन उघडलं आणि टॉवेल गुंडाळलेले, डोक्यावर फेस असलेले मिस्त्री बाहेर आले. बायकोने तोंड फिरवलं.

"नळ कोण ओढतं?"

त्यांनी मागे वळून आत बोट दाखवलं.

"माझा नळ हललाय. भिंतीतून हललाय. मी बसवलेला नळ आजवर हललेला नाय." त्यांचा आवाज दुखावलेला होता. त्यांनी मुलीच्या रिकाम्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, तुमी ओढलाय?"

"नाही हो. सॉरी. म्हणजे मी नाही ओढला."

"मग काय आपोआप?"

"मी," बाबा म्हणाले.

मिस्त्री वळले. साबणाचं पाणी त्यांच्या कपाळावरून ओघळत होतं. बाबा सोफ्यावर ताठ बसले, आणि खिडकीमागून गाडी उशिरा असल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मी पडलो तेव्हा उजव्या खांद्यालाही लागलं होतं. तो हात वर जात नाही. डाव्या बाजूला दुसरं काही धरण्यासारखं नाही. नळ आहे."

मला खांद्याचं काही माहीत नव्हतं. वर्षभर रोज फोन करत होतो. जेवलात का, गोळी घेतलीत का. खांदा विचारायचं सुचलं नव्हतं.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा राग नळावरून उतरून कुठे जावं ते शोधत होता, आणि मी समोरच होतो.

"साहेब, त्या दिवशी तुमी कुणाची अंघोळ करून दाखवली?"

मी उघड्या दारातून त्या चकचकीत दांडीकडे बघितलं.

"तुमचीच दाखवली. बाबांची म्हणून." मग बाबांकडे वळून, एकदम वेगळ्या आवाजात, "बाबा, जरा आत येता? पाणी नाय. कपड्यांतच."

"मला करून दाखवायची आहे?" बाबा म्हणाले.

"हां."

"पाच मिनिटं द्या. आधी तुम्ही तुमचं डोकं धुऊन घ्या."

मिस्त्रींनी आत जाऊन डोकं धुतलं, शर्ट चढवला, आणि मग ते दोघे आत गेले. मी मागोमाग निघालो तर मिस्त्रींनी दार माझ्या तोंडावर लावलं. आतून एवढंच ऐकू येत होतं. "आता बसलो." "हां." "आता उठणार आहे." "उठा, मी धरत नाय." मग भिंतीवर थाप. "इथं?" "खाली. अजून खाली. तिरकी." "अशी तिरकी? वाईट दिसंल बाबा." "मी कुठे ती बघत बसणार आहे?" आणि मग दोघेही हसले. बाबांचं हसू मी इतक्या दिवसांनी ऐकलं की बायकोही चहाचं भांडं हातात घेऊन पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली.

ड्रिल खाली हारिसकडे ठेवलेल्या मिस्त्रींच्या पेटीत होतंच. मिस्त्री अंघोळीलासुद्धा अवजारं घेऊन येत. डाव्या भिंतीत भोक पाडताना दोन टाइली फुटल्या. तो फुटकळ खोका संपलेला, तसल्या टाइली आता कुठेच मिळणार नव्हत्या. मिस्त्रींच्या पेटीत कुठल्याशा घरच्या उरलेल्या, सूर्यफुलं असलेल्या दोन होत्या. बायको "अहो" एवढंच म्हणाली. "असू दे," बाबा म्हणाले, "अंघोळ करताना बघायला काहीतरी." दांडी बसली. तिरकी, बुटकी, भलत्याच ठिकाणी. घरातला प्रत्येक माणूस पुढे महिनाभर तिच्यावर कोपर आपटत होता, बाबा सोडून. उजवीकडची चकचकीत दांडी मी काढू का विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुमी पण म्हातारे होणार."

जाताना त्यांनी नळ पुन्हा घट्ट केला. अंघोळ अर्धी राहिली होती, पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाले. बायकोने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेले. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग काही न खडखडता ओली पावलं वाजली. मी दाराला कान लावणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आहे बाहेर?"

"मी, बाबा."

"काही हवंय का?"

"नाही."

"मग ऑफिसला जा. आणि ते तिकीट पुढे ढकल. घर कुठे पळून जात नाही."

मी गाडीत बसून आधी मिस्त्रींना फोन केला. ते कुठल्यातरी साइटवर होते, मागे ठोकण्याचा आवाज येत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. बाबा एकट्याने उठले, दार लावून, आणि तिकीट पुढे ढकलायला सांगितलंय. तुमचे उपकार कसे फेडू वगैरे मी बोलत राहिलो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय साहेब," ते म्हणाले. "नळ हलत नाय ना?"